आमच्या शाळेला वेल्श माफ

एक गोष्ट मी आधीच स्पष्ट करतो. वेल्श भाषेशी माझं काही वैर नव्हतं. वैर व्हायलासुद्धा थोडी ओळख लागते आणि आमची तेवढीही ओळख नव्हती. मी वेल्समध्ये जन्मलो, वेल्समध्येच वाढलो. वेल्सची रग्बीची मॅच असली की लाल मफलर गुंडाळून घसा बसेपर्यंत ओरडलो. पण भाषा म्हणाल, तर ती तिकडे पश्चिमेला, डोंगरांपलीकडे बोलतात, अशी आमच्या लानफेरन गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आमच्या गावातून जरा जोर लावून दगड भिरकावला तर तो नदीपलीकडे इंग्लंडात पडतो. अशा जागी राहणाऱ्या माणसाने कुठल्याही भाषेबद्दल टोकाची मतं ठेवू नयेत, असं मला वाटतं.

तर १९९० सालच्या हिवाळ्यात असं झालं, की नव्या कायद्याने वेल्समधल्या सगळ्या शाळांत वेल्श शिकवणं सक्तीचं झालं. मात्र ज्या शाळांना ते अगदीच झेपणार नाही त्यांनी अर्ज करून सूट मागावी, अशी एक खिडकी कार्डिफच्या साहेबलोकांनी उघडी ठेवली होती. त्या खिडकीतून शाळेला बाहेर कसं काढायचं हे ठरवायला आमच्या शाळा समितीची बैठक भरली. बैठक भरते ती बालवर्गात. कारण मोठा वर्ग गळतो. म्हणजे गावातली सात प्रतिष्ठित माणसं गुडघे कानाशी घेऊन एवढ्याएवढ्याशा लाल खुर्च्यांवर बसतात आणि मुलांच्या भवितव्याचा विचार करतात.

अध्यक्ष हर्बर्ट प्रीस. यांचा धंदा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारण्याचा. त्यामुळे समितीचे ठरावही ते त्याच चालीवर मंजूर करतात.

"सूट मागायची! विरोधात कोणी? एक... दोन... विरोधात कोणी आहे का?... तीन! झालं!"

त्यांनी ठरावाचा कागद माझ्यासमोर सरकवला. आता यात माझी एकच चूक झाली. कागदावर 'सूट' या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मी ते दाखवून दिलं. मी विम्याच्या दाव्यांची तपासणी करतो. बावीस वर्षं लोकांच्या फॉर्ममधल्या चुका काढण्यात गेली आहेत, तेव्हा बोट आपोआप तिकडे जातं.

"वा, बिल!" प्रीससाहेब म्हणाले. "ज्याला स्पेलिंग येतं त्यानेच अर्ज करावा. विरोधात कोणी? एक... दोन..."

मी हात वर करेपर्यंत तीन झालं होतं.

मी नाराजच होतो. पण बैठक संपल्यावर मुख्याध्यापिका मिस बेनम खुर्च्या एकात एक रचताना थांबल्या. आमची शाळा म्हणजे एक्केचाळीस मुलं आणि दोन शिक्षिका. त्यातली एक परवा आलेली आणि दुसरी मिस बेनम. त्या एकतीस वर्षं इथे आहेत. माझ्या बायकोला पॉलीनला त्यांनी शिकवलं, आता माझ्या लोर्नाला शिकवतात.

"मिस्टर प्रॉसर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला जे येत नाही ते शिकवायला मी आजवर कधी मुलांसमोर उभी राहिले नाही. या वयात पुस्तकात बोट ठेवून, चुकत, अडखळत... मुलं हसतील. सूट मिळाली नाही तर मी ईस्टरला राजीनामा देणार आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही."

मिस बेनम गेल्या तर शाळा टिकणार नाही, हे सांगायला लिलाववाल्याची गरज नव्हती. एवढीशी शाळा बंद करून मुलांना बसने शहरात पाठवायला वरचे लोक निमित्तच शोधत होते. मी फाइल काखेत मारली आणि घरी आलो तो एका मोठ्या कार्याला निघालेल्या माणसाच्या चालीने. पॉलीन म्हणाली, "काय रे, पाठ धरली का?"

मी कार्डिफला पत्र लिहून फॉर्म मागवला. आठ दिवसांनी आला. सोळा पानी, जाड कागदाचा, देखणा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वेल्शमध्ये.

मी फोन केला. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या.

"तुमचं नाव ग्विलिम प्रॉसर ना?"

"हो, पण मला सगळे बिल म्हणतात."

"घराचं नाव टी ग्विन. गाव लानफेरन. सगळी नावं अस्सल वेल्श. अशा माणसाला इंग्रजीत फॉर्म पाठवला असता तर त्याचा अपमान झाला असता, असं आमच्या साहेबांना वाटलं."

"बाई, माझा इंग्रजीत अपमान केलेला चालेल मला."

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, की इंग्रजी फॉर्म संपले आहेत. सूट मागणाऱ्या शाळा अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. नवे छापून यायला सहा आठवडे लागतील. अर्जाची मुदत? ती चार आठवड्यांत संपते.

माझा शेजारी रॉन टज हा रेल्वेतला निवृत्त सिग्नलमन. जगातला कुठलाही प्रश्न कुंपणावर कोपर टेकवून सुटतो असा त्याचा विश्वास आहे. मी फॉर्म त्याला दाखवला. त्याने चष्मा पुसला, फॉर्म उजेडात धरला, उलटा केला.

"बिल, हा भिजला होता बहुतेक. यातले स्वर सगळे धुऊन गेलेत."

"वेल्श असंच असतं रॉन."

"मग एक कर. सगळीकडे 'नाही' लिही. सरकारी माणसाला 'नाही' वाचलं की बरं वाटतं. त्याला पुढे काही करावं लागत नाही."

"आणि त्यात 'शाळेची इमारत सुरक्षित आहे का?' असा प्रश्न असला म्हणजे?"

"मग तुला नवी इमारत मिळेल!" रॉनची बायको आतून ओरडली.

चुकीच्या उत्तरामुळे दावा फेटाळलेली किती माणसं माझ्या टेबलासमोर रडली आहेत, हे या नवराबायकोला कुठून कळणार? न वाचलेल्या प्रश्नाला उत्तर देणं हे माझ्या धंद्यात महापाप आहे. शेवटी पॉलीननेच तोडगा काढला. नाताळाआधी ती शाळेत टेबलक्लॉथ द्यायला गेली होती, तेव्हा मुलांचं जेवण रांधणाऱ्या रॉसरबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"काय बोलत होत्या ते कळलं नाही," पॉलीन म्हणाली, "पण कळलं नाही म्हणजे वेल्शच असणार."

शाळेचं स्वयंपाकघर हे माझ्यासाठी नवं राज्य होतं. केनवेन रॉसर या ठेंगण्या, गोल, सतत हलणाऱ्या बाई. एकोणीस वर्षं त्या शाळेत जेवण रांधतात, पण त्या कुठल्या, हे कुणाला नीट माहीत नव्हतं. 'तिकडच्या' एवढंच. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी हात एप्रनला पुसले, फॉर्म बटाट्यांच्या पातेल्याशेजारी उभा केला आणि एका हाताने बटाटे सोलत घडाघडा वाचायला लागल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला साधं बोलल्यासारखं वेल्श वाचताना ऐकत होतो. स्टेडियमवर ऐकलं होतं, पण तिथे पन्नास हजार माणसं एकदम ओरडत असतात. एकट्या बाईच्या तोंडून ते फारच निराळं वाटलं. घशात थोडं घासून मऊ बाहेर येत होतं.

"शाळेचं नाव लिहा," त्या सांगू लागल्या. "मुलांची संख्या लिहा. शिक्षकांची लिहा. आता चौथा प्रश्न. शाळेत काम करणाऱ्यांपैकी..." आणि त्या थांबल्या.

"काय झालं?"

"शाळेत काम करणाऱ्यांपैकी कुणाला वेल्श येतं का, असं विचारलंय."

पातेल्यात पाणी उकळत होतं. हा फॉर्म ज्यांच्यामुळे मला वाचता येत होता, त्यांच्याचमुळे त्याचं उत्तर बिघडत होतं.

"नाही लिहा," रॉसरबाई म्हणाल्या.

"पण तुम्हाला येतं."

"एकोणीस वर्षांत कुणी विचारलं नाही. मग आता कागदाने विचारलं म्हणून मी कशाला सांगू?"

"मिस बेनमना माहीत नाही?"

"त्यांना माझं लिंबाचं पुडिंग माहीत आहे." यात तक्रार नव्हती. त्या नुसतं खरं काय ते सांगत होत्या. "नवरा होता तोवर घरी बोलायचो. त्याला जाऊन आठ वर्षं झाली. आता बहिणीचा फोन येतो अधूनमधून. बाकी या बटाट्यांशी बोलते."

मी विम्याचा माणूस. मी लिहिलं : 'एक. स्वयंपाकघरात.' रॉसरबाईंनी ते वाचलं आणि वळून चुलीकडे गेल्या.

सातवा प्रश्न सगळ्यात भारी निघाला. परिसरात वेल्शचा वापर होतो का, याची घरोघर चौकशी करून अहवाल जोडायचा. एकशे बारा घरं! मी वही घेतली, टाय बांधला आणि निघालो.

पहिलं घर लेव्हिस बहिणींचं. "वेल्श? अजिबात नाही हो," थोरली म्हणाली. "आमच्या सात पिढ्यांत नाही. कारियाद, खाली उतर! कारियाद! मिस्टर प्रॉसरांच्या पँटवर नको!"

"कुत्र्याचं नाव काय म्हणालात?"

"कारियाद. आमच्या आजीच्या कुत्र्याचंही हेच होतं. का?"

कारियाद म्हणजे वेल्शमध्ये 'लाडका', एवढं मलाही ठाऊक होतं. मी वहीत लिहिलं : 'वापर नाही.' खाली बारीक अक्षरात लिहिलं : 'कुत्रा वगळता.'

दुसरं घर रॉनचं. तो तर मुळात नदीपलीकडचा, इंग्लंडातला.

"नाही लिही," तो म्हणाला.

"पण रॉन, मॅचच्या वेळी तू वेल्सचं राष्ट्रगीत, तेही वेल्शमध्ये, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणतोस."

"ती भाषा नाही, ते गाणं आहे."

"मग शब्द कुठून आणतोस?"

"पुढच्या रांगेतल्या माणसाकडून!"

लिहिलं : 'वापर नाही. उभं राहून गाताना वगळता.'

अशी माझी तळटिपांची वही भरत गेली. मग मी पर्सी गॉफच्या शेतावर पोहोचलो. पर्सीला मी चांगला ओळखत होतो. तीन वर्षांपूर्वी त्याची नवी कोरी गोठ्याची इमारत एका बाजूने जमिनीत रुतली होती आणि तो दावा मीच तपासला होता. 'जमीन पोचट असल्याची पूर्वकल्पना येणे कोणासही शक्य नव्हते' हे माझंच वाक्य. माझ्या हातून आलेलं ते एक झोकदार वाक्य होतं.

"वेल्श?" पर्सी हसला. "माझ्या मेंढ्यांना तरी येतं का? चल, तुला दाखवतो गोठा परत कुठे बांधतोय ते. त्या ग्वेर्नच्या वरच्या अंगाला."

"ग्वेर्न म्हणजे?"

"ते शेत रे. जिथे पहिला गोठा रुतला. शेताचं नाव ग्वेर्न. बाप म्हणायचा, आजा म्हणायचा, मी म्हणतो."

दुसऱ्या दिवशी मी रॉसरबाईंना विचारलं. त्या कस्टर्ड ढवळत होत्या.

"ग्वेर्न? दलदल. जिथे कायम पाणी साचतं ती जागा. तिथे कुणी काही बांधत नाही."

मला माझं ते झोकदार वाक्य आठवलं. 'कोणासही शक्य नव्हते.' पर्सीचे पूर्वज दोन-तीनशे वर्षं रोज ओरडून सांगत होते, आणि गावात ते कळणारी एकच बाई होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. त्यात मीही आलो. मी तर त्या बाबतीत तज्ज्ञ म्हणून सही केली होती.

"आणि टी ग्विन म्हणजे?" मी जरा भीत भीत विचारलं. "आमच्या घराचं नाव आहे. मला वाटायचं, ग्विन नावाच्या कुणा बाईंचं ते घर असावं."

"पांढरं घर," रॉसरबाई म्हणाल्या. त्या हसणार नाहीत याची खूप काळजी घेत होत्या. आमचं घर बाटलीसारखं हिरवंगार आहे. मीच रंगवलं, स्वतः शिडीवर चढून.

त्या दिवसापासून मला खाज सुटली. सर्वेक्षण संपलं, अर्ज कार्डिफला गेला, तरी मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या खिडकीशी वही घेऊन उभा राहू लागलो. ओढ्याचं नाव, पुलाचं नाव, बेकरीमागच्या चढाचं नाव. प्रत्येक नावाखाली काहीतरी दडलेलं निघायचं. बेकरीमागच्या चढाच्या नावाचा अर्थ तर 'गिरणीचा रस्ता' निघाला आणि गिरणी कुठे होती हे कुणालाच ठाऊक नाही. मी, प्रॉसर, वय पंचेचाळीस, दोन पातेल्यांच्या मध्ये उभा राहून शाळेतल्या मुलासारखा "हे काय? आणि ते काय?" करत होतो. माझ्यामागे जेवणाच्या रांगेत एक्केचाळीस मुलं ताटं घेऊन ताटकळत, आणि मुलांना कान असतात हे मी विसरलो होतो.

एका मंगळवारी पाच वर्षांच्या जेमाने ताट पुढे केलं आणि म्हणाली, "टातूस!" रॉसरबाईंचा डाव हवेतच राहिला. टातूस म्हणजे बटाटे. त्यांनी जेमाला कुस्करलेल्या बटाट्यांचे दोन डाव वाढले. रांगेत ही बातमी आगीसारखी पसरली. इंग्रजीत मागितलं तर एक डाव, वेल्शमध्ये दोन! आठवड्यात सगळी शाळा वेल्शमध्ये बटाटे, कोबी आणि ग्रेव्ही मागू लागली. 'कृपया' म्हटलं तर वर एक सॉसेज मिळतं, असा शोध माझ्याच लोर्नाने लावला.

मिस बेनम दाराशी आल्या, त्यांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. मला फार अपराधी वाटलं. मी ज्या बाईंना वाचवायला निघालो होतो, त्यांच्याच शाळेत मागच्या दाराने वेल्श आणून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात कार्डिफचं पत्र आलं. अर्ज मिळाला, खात्री करून घेण्यासाठी आमचे मिस्टर मेरेडिथ गुरुवारी शाळेला भेट देतील.

तातडीची बैठक झाली. प्रीससाहेब लाल खुर्चीतून उठून उभे राहिले, खुर्ची त्यांच्यासकट उठली.

"गुरुवारी मुलांनी जेवताना तोंड उघडायचं नाही!"

"मग जेवतील कशी?" मी विचारलं.

"बोलण्यासाठी उघडायचं नाही! विरोधात कोणी? एक, दोन, तीन!"

गुरुवारी मिस्टर मेरेडिथ आले. उंच, वाकलेले, ओला कोट घातलेले सज्जन. जेवणाच्या वेळी ते हॉलमध्ये शिरले, तर एक्केचाळीस मुलं ओठ घट्ट मिटून रांगेत उभी. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. प्रीससाहेब कोपऱ्यात ओठांवर बोट ठेवून उभे.

"मुलांना बरं नाही का?" मेरेडिथ माझ्या कानाशी कुजबुजले.

"शिस्त आहे," मी म्हणालो.

त्यांना भूक लागली असावी. ते ताट घेऊन रांगेत लागले आणि आपली पाळी आल्यावर रॉसरबाईंना इंग्रजीत म्हणाले, "थोडे बटाटे द्याल का?" कोटाला मागून कुणीतरी ओढलं. जेमा होती.

"असं नाही म्हणायचं," ती कळवळून म्हणाली. "असं म्हटलं की एकच डाव मिळतो."

"मग कसं म्हणायचं?"

जेमाने प्रीससाहेबांच्या बोटाकडे पाहिलं. मग त्या उपाशी पाहुण्याकडे पाहिलं. शेवटी दया जिंकली. "टातूस!" ती म्हणाली, आणि बांध फुटला. मागची सगळी रांग एकदम ओरडू लागली : टातूस, कोबी, ग्रेव्ही, कृपया! प्रीससाहेब "शांत! शांत!" म्हणत धावले ते कस्टर्डच्या ट्रॉलीवर. पुढचं मी सांगत नाही. त्यांना गावात मान आहे.

अर्ध्या तासाने आम्ही मिस बेनमच्या खोलीत बसलो होतो. मेरेडिथसाहेबांसमोर माझा अहवाल होता.

"मिस्टर प्रॉसर, बावीस वर्षांत असा अहवाल मी पाहिला नाही. वर एकशे बारा घरं 'नाही' म्हणतात आणि खाली तेवीस पानं तळटिपा देऊन तुम्ही ते खोटं ठरवलंय. तुम्ही नेमके कोणत्या बाजूचे?"

"मी विम्याचा माणूस आहे," मी शक्य तितक्या ताठ मानेने म्हणालो. शर्टवर कस्टर्ड होतं. "मी बाजू घेत नाही."

त्यांनी मिस बेनमकडे पाहिलं. "आणि तुम्हाला काय हवंय, बाई?"

मिस बेनम हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होत्या. "मला भाषेचा राग नाही," त्या म्हणाल्या. "माझे वडील खाणीत होते, तिथे सगळे ती बोलायचे. घरी आमच्याशी मात्र बोलायचे नाहीत. म्हणायचे, तुझी इंग्रजी बिघडेल. खाणीतले सोबती घरी आले, की मी दाराआडून ऐकायची. मला फक्त... जे येत नाही ते येतंय असं दाखवत मुलांसमोर उभं राहायचं नाहीये."

मेरेडिथनी पेनाचं टोपण उघडलं.

"नियमात शिक्षक मोजतात," ते म्हणाले. "दोन शिक्षिका, दोघींनाही वेल्श येत नाही. नियमात स्वयंपाकघर कुठेच येत नाही. पाच वर्षं सूट." त्यांनी शिक्का मारला. जाताना मात्र ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले आणि रॉसरबाईंशी पंधरा मिनिटं काहीतरी बोलत होते. मधेच दोघंही मोठ्याने हसले. माझ्याबद्दल हसले असणार, अशी मला अजूनही शंका आहे.

गावात आनंदीआनंद झाला. प्रीससाहेबांनी जाहीर केलं, की आता आपण कायद्याने मुक्त आहोत, तेव्हा हा टातूसचा प्रकार सोमवारपासून बंद. सोमवारी मी मुद्दाम शाळेत गेलो. बंदीचा निरोप रॉसरबाईंना द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं होतं.

बारा वाजले. रांग लागली. मी खिडकीशी उभा राहून घसा साफ करत होतो, तेवढ्यात हॉलमधला गोंगाट कमी झाला. मिस बेनम आत आल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी आपल्या खोलीत सँडविच खाऊन दिवस काढले. आज त्यांच्या हातात रिकामं ताट होतं. त्या सरळ रांगेच्या शेवटी, बालवर्गाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. पुढे या म्हणून मी खूण केली, त्यांनी मान हलवली.

पाळी आली. त्यांनी दोन्ही हातांनी ताट धरलं आणि लाल होत म्हणाल्या, "टेटस."

"टातूस, मिस!" जेमा म्हणाली.

"टा... तूस."

कुणीतरी फिसकन हसलं. मिस बेनमही हसल्या. हसल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, काहीही झालं नाही.

रॉसरबाईंनी दोन डाव वाढले. मग डाव खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत एक लांबलचक वाक्य वेल्शमध्ये बोलल्या. पाच-सहा शब्दांचं नव्हे, चांगलं घसघशीत. हॉलमध्ये कुणालाच ते कळलं नाही. मी सवयीने वही उघडली आणि अर्थ विचारायला तोंड उघडलं.

मिस बेनमनी हाताने मला थांबवलं.

"अर्थ नको सांगू, केनवेन," त्या म्हणाल्या. "परत म्हण. जरा हळू."

रॉसरबाई परत म्हणाल्या. हळू. मग आणखी एकदा, आणखी हळू. ग्रेव्हीवर साय धरली होती, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आलेली मुलं ताटावर चमचे वाजवून आपला हक्क मागत होती. त्या दोघींचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.